कराची ते मद्रास : आकाशातील वाट आणि सह्याद्रीचा पाऊस

मुळशीकडील डोंगराळ मुलुखात परक्या माणसाने एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला पुढच्या गावाचे अंतर विचारले, तर उत्तर मैलांत किंवा किलोमीटरांत मिळेलच असे नाही. आता निघालात तर दिवस कासराभर उरेल तोवर पोहोचाल, अशा धर्तीचे उत्तर मिळण्याचाच संभव अधिक. पावसाळ्यात तोच प्रश्न केला तर उत्तर बदलते. ओढ्याला पाणी आलेले असेल तर ते आणखी बदलते. शहरातील सुशिक्षित गृहस्थाला हा हिशेब ढोबळ वाटतो. अंतर म्हणजे अंतर, ते ऋतुमानाप्रमाणे कसे बदलेल, असे तो विचारतो. परंतु प्रवासाचा इतिहास चाळून पाहिला तर म्हाताऱ्याचाच हिशेब अधिक खरा ठरतो. दोन ठिकाणांमधील अंतर भूगोल ठरवितो. तेथे पोहोचावयास लागणारा काळ मात्र पाऊस, डोंगर, अंधार, इंधन आणि राज्यकर्त्यांचे हुकूम हे सर्व मिळून ठरवितात. ही गोष्ट पायवाटेला जशी लागू आहे तशीच ती विमानाच्या वाटेलाही लागू आहे. १९३२ साली सुरू झालेल्या कराची–मद्रास विमान-टपालाची हकीकत या दृष्टीने फार बोधप्रद आहे, आणि त्या हकीकतीत मुळशीच्या डोंगरांचाही वाटा आहे.

प्रथम मुळशीचीच गोष्ट पाहणे इष्ट होईल. पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्याला टेकून असलेला हा पेटा भाताचा व पावसाचा. येथील मुळा नदीला बांध घालावा, तिचे पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेकडे वळवून घाटाखाली सोडावे व तेथे मुंबईसाठी वीज उत्पन्न करावी, अशी योजना टाटा पॉवर कंपनीने हाती घेतली. आपली खाचरे व गावे बुडणार हे पाहून मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे व सेनापती बापट यांची नावे त्या लढ्याशी कायमची जोडली गेली आहेत. लढा चिवट झाला, परंतु धरण थांबले नाही. १९२७ मध्ये घाटाखालील भिरा येथील वीजगृह चालू झाले. तेव्हापासून माथ्यावरचे पाणी थोडक्या अंतरात सुमारे ५०० मीटर खाली उतरते आणि त्याची शक्ती तारांवरून क्षणार्धात मुंबईस पोहोचते. माणसाला मात्र तोच कडा उतरून कोकणात जावयाचे तर अर्धा दिवस खर्ची पडे. इतकेच नव्हे, तर सरोवराच्या पाण्याखाली जुन्या वाटा गेल्या व एकमेकांच्या शेजारी असलेल्या गावांना मोठा वळसा पडू लागला. नकाशावरील अंतर तसूभरही वाढले नव्हते; वाढला होता तो चालणाऱ्याचा वेळ. एकाचा वेळ वाचतो तेव्हा कधी कधी तो दुसऱ्याच्या खाती नावे पडतो, हा या मुलुखाचा अनुभव आहे.

ज्या टाटांच्या घराण्याने मुळशीस धरण बांधले, त्याच घराण्यातील एका तरुणाने धरणाच्या वादानंतर दहा-अकरा वर्षांनी आकाशातील वाट आखली. जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळविला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना होय. त्याच वर्षी ३० मार्च रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची अशी आठवड्यातून एकदा जाणारी टपालाची विमाने सुरू केली. विलायतेची पत्रे आता कराचीपर्यंत आकाशातून येऊ लागली. परंतु पुढे मुंबईस किंवा मद्रासेस जावयाचे म्हणजे त्यांना पुन्हा आगगाडीत बसावे लागे. हजारो मैल उडत आलेले पत्र शेवटच्या टप्प्यावर रुळांवरून रखडत जाई. नेव्हिल व्हिन्सेंट या माजी लष्करी वैमानिकाने ही उणीव हेरली. कराचीस उतरलेले टपाल लहान विमानांनी अहमदाबाद, मुंबई व बल्लारी या मार्गाने मद्रासेस न्यावे, ही त्याची कल्पना टाटांनी उचलून धरली. सरकारशी वाटाघाटी होऊन एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. सरकारने मदतीदाखल काहीही देऊ केले नाही. टपालाच्या वजनाप्रमाणे जो मोबदला मिळेल तेवढ्यावरच धंदा चालवावयाचा होता.

भांडवल सुमारे दोन लाख रुपयांचे, विमाने दोन. ही विमाने पस मॉथ जातीची होती. एकच इंजिन, कापडाने मढविलेले पंख, वैमानिकाखेरीज एखाददुसऱ्या माणसास पुरेल एवढी बंदिस्त कोठी, आणि वेग ताशी शंभर मैल म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. वैमानिकाजवळ बिनतारी यंत्र नव्हते. खाली दिसणारे लोहमार्ग, नद्या आणि समुद्रकिनारा पाहून त्याने आपली वाट ओळखावयाची. म्हणजे आकाशात उडणाऱ्या या माणसालाही वाट सापडत होती ती जमिनीच्याच आधाराने.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड येथील मैदानावरून एकट्यानेच उड्डाण केले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. सव्वासात तास लागले. आता नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर कराची व मुंबई यांमधील सरळ अंतर सुमारे ८७० किलोमीटर भरते. ताशी १६० किलोमीटर जाणाऱ्या यंत्राला त्यासाठी साडेपाच तास पुरावेत. मग उरलेला पावणेदोन तासांचा काळ कोठे गेला? सरळ रेषा बरीचशी अरबी समुद्रावरून जाते, आणि एका इंजिनाच्या विमानाने समुद्रावरून इतका लांब पल्ला गाठणे म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय मध्ये पेट्रोल घेणे भागच होते. म्हणून अहमदाबादचा वळसा घ्यावा लागला. कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर आणि अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४०, असे १,०३० किलोमीटर झाले. आणि त्यांत अहमदाबादेस पेट्रोल भरण्याचा वेळ मिळविला की सव्वासात तासांचा हिशेब बरोबर जुळतो. त्या पेट्रोलाचीही एक मौज आहे. ते डब्यांत भरून बैलगाडीतून मैदानावर आणले गेले होते. विसाव्या शतकातील सर्वांत वेगवान वाहन हे सर्वांत जुन्या व सावकाश वाहनाची वाट पाहत उभे होते. बैल पोहोचल्याखेरीज विमान पुढे जाऊ शकत नव्हते.

मुंबईहून पुढील टप्पा व्हिन्सेंट यांनी पार पाडला. मुंबई ते बल्लारी सुमारे ६१५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चार तासांचे उड्डाण. दुपारी दोननंतर निघालेल्या विमानाला बल्लारी गाठेपर्यंत दिवस मावळतीस यावयाचा. त्या काळी वाटेवरील मैदानांवर रात्री उतरण्यासाठी दिव्यांची सोय नव्हती. म्हणून विमानाने बल्लारीस मुक्काम केला आणि उरलेले सव्वाचारशे किलोमीटर दुसऱ्या दिवशी तोडून मद्रास गाठले. सारे टप्पे एकत्र केले तर कराची ते मद्रास ही वाट सुमारे २,०७५ किलोमीटरांची होते. ताशी १६० किलोमीटरांनी तिला तेरा तास हवेत. पत्राला मात्र दोन दिवसांचा हिशेब धरावा लागला, कारण मध्ये रात्र होती. पूर्वीचा वाटसरू दिवस मावळला की धर्मशाळा गाठी. १९३२ चा वैमानिकही दिवस मावळला की बल्लारी गाठत होता. यंत्राने वेग दिला होता, परंतु अंधारावर त्याची सत्ता नव्हती.

पावसावर तर ती मुळीच नव्हती. जुहूचे मैदान समुद्रालगत व अतिशय सखल. उन्हाळ्यात तेथे विमान सुखरूप उतरे. परंतु पावसाळा लागला की चिखल व पाणी यांनी मैदान निरुपयोगी होई. टपाल तर चालूच राहिले पाहिजे. यावर उपाय एवढाच होता की, पावसाळ्यापुरते सगळे बिऱ्हाड उचलून घाटावर पुण्यास न्यावे. त्याप्रमाणे विमाने, वैमानिक व कारागीर पुण्यास जाऊ लागले, आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या छायेतील एका मोकळ्या मैदानावर टपालाची विमाने उतरू लागली. याच तुरुंगात सप्टेंबर १९३२ मध्ये महात्मा गांधींनी उपोषण केले होते व २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला होता. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी कराचीचे पहिले टपाल निघाले. एकाच भिंतीच्या आत देशाचा इतिहास घडत होता व बाहेरच्या माळावर दळणवळणाचा.

आता पुणेच का? मुंबईत मुसळधार पाऊस असता पुण्याचे मैदान कोरडे कसे? याचे उत्तर मुळशीच्या डोंगरांत आहे. नैर्ऋत्येकडून येणारा बाष्पयुक्त वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो आणि वर चढू लागतो. चढता चढता तो थंड होतो व त्यातील बाष्पाचे पाणी होऊन ते माथ्यावरच कोसळते. माथा ओलांडून तो पूर्वेकडे उतरू लागला की पुन्हा तापतो व कोरडा होतो. मुंबईस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ताम्हिणीच्या घाटात, तो पाच हजार मिलिमीटरांच्याही पुढे जातो. आणि तेथून पन्नास-साठ किलोमीटरांवरील पुणे शहरात तो सातशे मिलिमीटरांच्या आसपास राहतो. तात्पर्य, जो ढग मुळशीचे सरोवर भरतो त्याच्याच जातीचा ढग जुहूचे मैदान बुडवितो, आणि मुळशीसारख्या डोंगरांनी तो अडविल्यामुळेच येरवड्याचे मैदान विमानासाठी मोकळे राहते. मावळाने आपल्या अंगावर पाऊस झेलला म्हणून टपालाला उतरावयास जागा मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे अंतराचा एक विलक्षण चमत्कार दिसून येतो. अहमदाबादहून मुंबईमार्गे बल्लारीस जावयाचे तर सुमारे १,०५५ किलोमीटर होतात. पुण्यामार्गे जावयाचे तर सुमारे १,०१०. म्हणजे नकाशाप्रमाणे पुण्याची वाट ४०-४५ किलोमीटरांनी जवळची आहे. परंतु जवळची वाट सोपी असतेच असे नाही. मुंबईची पत्रे पुण्याहून बोरघाटातून आगगाडीने खाली उतरवावी लागत. मुंबई व पुणे यांत पक्ष्याच्या वाटेने सव्वाशे किलोमीटरांहून फारसे अधिक अंतर नाही; १८६३ साली घाटात पुरा झालेला लोहमार्ग मात्र १९२ किलोमीटरांचा. त्यामुळे विमानाने वाचविलेला वेळ गाडीत खर्ची पडे. शिवाय ज्या भिंतीमुळे पुणे कोरडे राहते, ती भिंत वैमानिकाला ओलांडावी लागे, आणि तीही ऐन पावसाळ्यात, माथे ढगांत बुडालेले असता. ज्याच्यापाशी बिनतारी यंत्र नाही व ज्याची वाट खालच्या जमिनीवरून ओळखावयाची, त्याने ढगात शिरणे म्हणजे डोळे बांधून कड्यावर चालणे. ढगाच्या आत कोणत्या क्षणी डोंगर पुढे येईल याचा नेम नाही. अशा वेळी ढगांतील फट शोधावी, ती न सापडल्यास वळून दुसऱ्या खिंडीकडे जावे, एवढेच वैमानिकाच्या हाती असे.

वाऱ्याचा हिशेब त्याहून वेगळा. ताशी १६० किलोमीटर जाणाऱ्या विमानासमोर ताशी ४० किलोमीटरांचा वारा असला तर जमिनीवरील त्याचा वेग १२० च उरतो. बल्लारी ते पुणे हे सुमारे पाचशे किलोमीटरांचे अंतर शांत हवेत तीन तासांत कापता येते. समोरच्या वाऱ्यात तेच चार तासांहून अधिक घेते. अंतर तेवढेच, यंत्र तेच, वैमानिक तोच. आणि काळ एक तासाने अधिक. पावसाळ्यात वाट लांबते हे मुळशीच्या म्हाताऱ्याचे म्हणणे आकाशातही असे शब्दशः खरे ठरते.

हा एक तास म्हणजे काही किरकोळ गोष्ट नव्हती. कराचीहून लंडनला जाणारे विमान आठवड्यातून एकदाच निघे. मद्रास किंवा मुंबईचे टपाल त्या वेळेस कराचीत हजर नसले तर पत्र आठवडाभर अडकून पडावयाचे. व्यापाऱ्याचा सौदा, विद्यार्थ्याचा अर्ज, परदेशी असलेल्या मुलाला आईने पाठविलेली खुशाली, या सर्वांचे भवितव्य एका लहान विमानाच्या घाट ओलांडण्यावर अवलंबून राही. असे असूनही पहिल्या वर्षात या टपालाने वेळ चुकविली नाही. नागरी विमान खात्याने वर्षअखेरीस जो अभिप्राय दिला त्यात मुद्दाम नमूद केले होते की, पश्चिम घाटातील प्रवास पावसाळी वादळांनी अधिक धोक्याचा झाला असतानाही कराचीची गाठ एकदाही चुकली नाही आणि मद्रासेस टपाल एकदाही उशिरा पोहोचले नाही. साहेबाच्या इंपीरियल एअरवेजने आपली माणसे टाटांकडे शिकावयास पाठवावीत, असा त्या अभिप्रायाचा रोख होता. परतंत्र देशातील एका लहानशा उद्योगाविषयी सरकारी कागदावर हे शब्द यावेत, याचे मोल त्या काळच्या माणसांना अधिक कळले असेल. त्या वर्षात या विमानांनी १,६०,००० मैलांची मजल मारली, १५५ उतारू नेले आणि ६०,००० रुपये नफा मिळविला. वेग हा यंत्राचा गुण होता. वक्तशीरपणा मात्र माणसांचा होता.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. या टपालातूनच टाटा एअरलाइन्स व १९४६ मध्ये एअर इंडिया उभी राहिली. १९५३ मध्ये ती सरकारच्या ताब्यात गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली. व्हिन्सेंट मात्र हे वैभव पाहावयास राहिले नाहीत. महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या आरंभी, ते विमानासह नाहीसे झाले. येरवड्याच्या मैदानाची गरजही उरली नाही. पुण्यास लोहगाव येथे १९३९ मध्ये लष्करी विमानतळ झाला, मुंबईस पक्क्या धावपट्ट्या आल्या, आणि ढगांच्या वरून उडणाऱ्या विमानांना सह्याद्रीच्या भिंतीचे भय राहिले नाही. मुंबईहून चेन्नईस जावयाला आज दोन तासही लागत नाहीत. पाऊस, डोंगर, अंधार व इंधन हे चारही अडथळे माणसाने जवळजवळ जिंकले. मग कराची व मुंबई यांमधील सव्वासात तासांचे आता किती झाले असतील? ८७० किलोमीटरांचे अंतर आजच्या विमानाला दीड तासाचेही नाही.

आणि येथेच हिशेब उलटा फिरतो. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली व या वाटेचे पहिले टोक परदेशात गेले. तरीही पुष्कळ वर्षे ये-जा चालू होती. १५ ऑक्टोबर १९६२ रोजी, पहिल्या उड्डाणास तीस वर्षे झाली तेव्हा, जे. आर. डी. टाटा यांनी लहान विमानाने कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. आणि १९८२ मध्ये, पन्नास वर्षे झाली तेव्हा, वयाच्या ७८ व्या वर्षी तो एकट्याने तिसऱ्यांदा केला. त्या वेळीही ते कराचीहूनच निघू शकले. पुढे २०२१ मध्ये आरोही पंडित या तरुण वैमानिक स्त्रीने त्याच तारखेस त्या उड्डाणाची स्मृती जागविली, तेव्हा तिने उड्डाण केले ते कच्छमधील भूजहून. अहमदाबाद तेच होते, जुहू तेच होते. पहिले टोक मात्र अलीकडे सरकले होते.

दोन देशांच्या भांडणात आकाशाचेही दरवाजे बंद होतात. २०१९ मध्ये ते काही महिने बंद राहिले आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा बंद झाले. मुंबई व कराची यांमध्ये आता थेट विमान जात नाही. कोणास जावयाचेच असेल तर दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणी जाऊन तेथून परत पूर्वेकडे यावे लागते. ८७० किलोमीटरांच्या जागी तीन हजार किलोमीटरांहून अधिक वाट होते, आणि विमानतळांवरील खोळंबा धरला तर ज्या प्रवासास १९३२ साली कापडी पंखांच्या विमानाला, बैलगाडीची वाट पाहून, सव्वासात तास लागले, त्याला आज त्याहून कमी वेळ लागेल अशी खात्री देता येत नाही. आणि तोही परवानगीची कागदपत्रे मिळाली तर. मुंबईत राहणाऱ्या ज्या वृद्धांचा जन्म कराचीत झाला, त्यांच्यापुरते जन्मगाव नव्वद वर्षांपूर्वीपेक्षा दूर गेले आहे. डोंगराने अडविले असते तर वैमानिकाने खिंड शोधली असती. या भिंतीला खिंड नाही.

म्हणून कोणी दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर सांगू लागला व ते वेगाने भागून प्रवासाचा काळ काढू लागला, तर त्याचे गणित चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु ते अपुरे आहे. त्या गणितात रात्रीचा मुक्काम नाही, समोरचा वारा नाही, अहमदाबादचा बैल नाही आणि सरहद्दीवरचा पहारा नाही. मुळशीच्या सरोवराच्या काठी आजही पावसाळ्यात ढग उतरतो तेव्हा समोरचे गाव दिसेनासे होते. पाण्याच्या दोन्ही काठांवरील माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात, परंतु भेटावयाचे तर सगळा वळसा घालून जावे लागते. त्यांपैकी कोणास अंतर विचारले तर तो आधी आभाळाकडे पाहील, मग वाटेकडे पाहील, आणि मगच उत्तर देईल. प्रवासाच्या इतिहासाने शिकविलेला धडाही याहून निराळा नाही.